सासरे किनाऱ्यावर राहिले

देवाने समुद्र केला तेव्हा त्याला फाटक बसवलं नाही, हे त्याचे उपकारच म्हणायचे. परवाना, रांग, नाव-गाव आणि ओळखपत्राचा क्रमांक ही भर पुढे माणसाने घातली. आणि माणसांतही एवारिस्तो लामासइतक्या भक्तिभावाने या गोष्टी पाळणारा दुसरा कोणी लुगो शहरात नसेल. जमीन-नोंदणीच्या कचेरीत उभी हयात घालवून हा गृहस्थ वसंतात निवृत्त झाला आणि त्याने आयुष्यातला पहिला धाडसी बेत आखला. ऑगस्टमध्ये उत्तरेचा किनारा पाहायचा, रिबादेओपासून ओर्तेगालच्या भूशिरापर्यंत, गावोगावी थांबत. तो आणि त्याची बायको ओब्दुलिया, दोघंच. गाडी लहान, सामान थोडं, घाई मुळीच नाही.

किती निरुपद्रवी बेत! पण आख्यानात नाही का, राजा बिचारा नुसता चार पाखरं मारायला म्हणून घराबाहेर पडतो आणि पुढे सगळं रामायण घडतं. तसंच इथे झालं.

पहिली ठेच जिन्यातच लागली. खालच्या मजल्यावरचा बेनिग्नो आयुष्यात एकदाच समुद्रावर गेला होता आणि तेव्हाही त्याला ताप भरला होता. त्यामुळे समुद्राविषयी सल्ला द्यायचा अधिकार सगळ्या इमारतीत त्याच्याकडेच आला होता.

"उत्तरेला जातोस? आणि पोहायला? अरे, त्या पाण्यात बोट घातलंस तर बोट परत मिळेल याची खात्री नाही. दक्षिणेला जा, दक्षिणेला. तिथं समुद्र कसा सूपसारखा असतो."

"मला सूप नकोय, बेनिग्नो. मला निसर्ग बघायचाय."

"मग दोन स्वेटर घे. निसर्गाला फार वारा असतो."

हे संभाषण जिन्यात झालं, आणि जिन्यात बोललेलं वरच्या मजल्यापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. वरच्या मजल्यावर एवारिस्तोच्या सासूबाई राहत होत्या. त्यांचं नाव दोसिंदा. अंगाने चिमणीएवढ्या, आवाजाने घंटेएवढ्या. त्या कठडा धरत धरत खाली आल्या, जावयाच्या खुर्चीत बसल्या आणि श्वास जागेवर आल्यावर म्हणाल्या, "कुठून कुठून जाणार आहेस, सांग बरं."

एवारिस्तोने हौसेने गावं मोजली. "...मग बारेसचं टोक, मग कारिन्यो, आणि तिथून कापेलादाचा डोंगर ओलांडून सेदेइरा."

"म्हणजे तेइशिदोवरून."

"वरून म्हणजे... बाजूने."

"संत आंद्रेसच्या देवळाच्या दारावरून गाडी नेणार," सासूबाई म्हणाल्या, "आणि एलादिओला नेणार नाहीस?"

एलादिओ म्हणजे सासूबाईंचे यजमान. त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती. माणूस सोन्यासारखा, पण चालढकल करण्यात हात धरणारा कोणी नाही. तेइशिदोच्या जत्रेचा विषय निघाला की दर सप्टेंबरला म्हणायचे, "पुढच्या वर्षी, दोसिंदा, नक्की." अशी पुढची वर्षं संपली आणि एलादिओ निळा सूट घालून कायमचे निजले. आता आमच्या गालिसिया प्रांतात जन्मलेल्या कुणालाही विचारा: जो जिवंतपणी तेइशिदोला जाऊन आला नाही, त्याला मेल्यावर ती वारी करावीच लागते. तीही सरपटत, एखाद्या सरड्याच्या नाहीतर बेडकाच्या देहात. एवारिस्तोसारखा सुशिक्षित माणूस हे ऐकून हसतो. पण तेइशिदोच्या वाटेवर तोही पाय बघून टाकतो.

अशा राहून गेलेल्या जिवाला घरच्यांनी सोबत न्यायचं, ही आमची जुनी सोय. थडग्यापाशी जाऊन आमंत्रण द्यायचं. बसने जाणार असाल तर तिकीट काढायचं, गाडीने जाणार असाल तर जागा रिकामी ठेवायची. थांबलो की 'उतर' म्हणायचं, निघालो की 'चल' म्हणायचं. न बोलावता तो जागचा हलत नाही.

एवारिस्तोने हे एरवी हसण्यावारी नेलं असतं. पण सासूबाईंच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दोनदा दिली आणि सासूबाईंनी ती दोनदा परत केली.

"टेबलावरच मी गेले तर?" त्या म्हणायच्या. "मग त्याला कोण नेईल? तुम्ही? तुम्हाला तर त्याची पुण्यतिथीसुद्धा आठवत नाही. आधी एलादिओला पोचवते, मग चालवा तुमच्या सुऱ्या."

ओब्दुलिया ओट्याशी तोंड फिरवून डोळे पुसायची. डॉक्टर म्हणाले होते की हिवाळ्यापर्यंत थांबू नका. तेव्हा आता प्रश्न उरला होता तो एवढाच. तराजूच्या एका पारड्यात सासूबाईंचं हृदय आणि दुसऱ्यात गाडीची मागची सीट.

"जाऊ या," एवारिस्तो म्हणाला. "सगळे जाऊ या."

स्मशानात जाऊन सासूबाईंनी दगडावर तीनदा टकटक केली. "एलादिओ, गुरुवारी सकाळी निघतोय. उशीर करू नकोस. आणि गाडीत खिडकीशी बस, तुला मळमळतं." त्या वेळी एवारिस्तो शेजारच्या थडग्यावरची फुलं अतिशय बारकाईने पाहत होता.

मग दुसरी ठेच. रिबादेओजवळ देवळांचा किनारा आहे. समुद्राने कड्यात कोरलेल्या दगडी कमानी ओहोटीला उघड्या पडतात आणि भरतीला पुन्हा बुडतात. उन्हाळ्यात तिथे उतरायला आधी नाव नोंदवावं लागतं. एवारिस्तो संगणकापुढे बसला आणि त्याने तीन नावं भरली. मागून आवाज आला, "चौथं?"

"सासूबाई, त्यांना कोण अडवणार आहे?"

"अडवण्याचा प्रश्न नाही. परवान्याशिवाय तो आयुष्यात कुठं शिरला नाही. आता मेल्यावर त्याला चोरासारखा नेऊ?"

नोंदणी खात्याच्या माणसाला हा मुद्दा वर्मी लागला. त्याने एलादिओचं जुनं ओळखपत्र शोधलं, क्रमांक भरला, जन्मतारीख भरली. संगणकाने हूं की चूं न करता परवाना दिला. वर 'आपली सहल आनंदाची होवो' असंही लिहिलं. आयुष्यभर खोट्या नोंदी पकडणाऱ्या एवारिस्तोला त्या रात्री नीट झोप लागली नाही.

गुरुवारी बेनिग्नो निरोपाला खाली उभा होता. त्याने मागची रिकामी सीट पाहिली आणि गंभीरपणे म्हणाला, "पट्टा बांधा. पोलीस आजकाल फार कडक झालेत." सासूबाईंनी खरोखरच पट्टा बांधला. मोठी छत्री आणि घड्या घालायच्या खुर्च्या हे सगळं आता ओब्दुलियाच्या मांडीवर आणि पायांखाली गेलं होतं, आणि छत्रीचं टोक वळणावळणाला एवारिस्तोच्या कानात खुपसत होतं.

किनाऱ्याच्या तोंडाशी कौसेलो नावाचा पालिकेचा पोलीस उभा होता. जाड मिशा, उन्हाने तांबडी झालेली मान. त्याने परवाना पाहिला, माणसं पाहिली.

"चौघांचा आहे. तीन दिसताय."

एवारिस्तोच्या मागे चाळीसेक माणसांची रांग. आता या रांगेदेखत सांगायचं तरी काय? त्याचे कान गरम झाले. "चौथे... मागून येताहेत," तो पुटपुटला. "वय झालंय. हळू चालतात."

कौसेलोने परवान्यावर चौथ्या नावापुढे खूण केली. संकट असं असतं, आधी फक्त एक बारीकशी खूण करून जातं.

खालचं दृश्य मात्र खरंच पाहण्यासारखं होतं. ओल्या वाळूवर एकामागे एक कमानी, वर कावळ्यांच्या नाहीतर समुद्रपक्ष्यांच्या जोड्या, आणि आतल्या गुहांतून पाण्याचा असा खर्जातला घुमारा, की जणू कुणी बुवा पडद्यामागे सूर लावून बसले आहेत. सासूबाई पायऱ्या उतरून हरखून उभ्या राहिल्या. "बघ एलादिओ, काय देऊळ बांधलंय! छप्पर तेवढं घालायचं राहिलं." मग त्यांनी सँडल काढली, पाणी पायाला लावलं, शिंपल्या वेचल्या, एलादिओला त्यातली एकेक दाखवली. ओब्दुलिया कित्येक महिन्यांनी हसली. एवारिस्तोला वाटलं, आपला बेत काही वाईट नव्हता.

तेवढ्यात शिट्ट्या वाजल्या. भरती सुरू झाली होती. इथलं पाणी सांगून येतं, पण एकदा आलं की थांबत नाही. सासूबाईंची एक सँडल वाळूत रुतली आणि ती सोडून यायला त्या तयार होईनात. शेवटी एवारिस्तोने त्यांना दोन्ही हातांवर उचललं, कमरेएवढ्या पाण्यातून पायऱ्यांपर्यंत आणलं, आणि वरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. निवृत्त अधिकाऱ्याला टाळ्या मिळाव्यात, पण विजार गुडघ्याला चिकटलेली असताना मिळू नयेत.

"एवारिस्तो," सासूबाई धापा टाकत म्हणाल्या, "त्याला तू बोलाव. माझ्यात दम नाही."

"हो हो," एवारिस्तो म्हणाला, आणि कोरडी विजार शोधत गाडीच्या दारामागे गेला.

दुपारी विवेइरोला पोचले. जुन्या वेशीतून आत, एका खाणावळीत टेबल मिळालं. उकडून वर लाल तिखट भुरभुरलेला आठ पायांचा पुल्पो लाकडी ताटलीत आला. वाइन आली. सासूबाईंनी चौथा पेला मागवला, भरला आणि सहज विचारलं, "किनाऱ्यावरून निघताना एलादिओला बोलावलंस ना?"

एवारिस्तोचा काटा हवेत राहिला. इथे एक शब्द पुरला असता. 'हो' म्हणायचं आणि जेवायचं. मेलेला माणूस तक्रार करायला येत नाही. पण हा माणूस आयुष्यभर दुसऱ्यांच्या खोट्यावर शिक्के मारायला नकार देत आला होता, आणि सकाळचं एक खोटं त्याच्या पोटात अजून पचलेलं नव्हतं.

"बहुतेक," तो म्हणाला.

सासूबाईंनी पेला खाली ठेवला. "बहुतेक म्हणजे?"

"म्हणजे मनात... विजार बदलताना..."

"नाही बोलावलंस."

"नाही."

टेबलावर आता पुल्पोच काय तो गरम होता. सासूबाईंचा चेहरा हळूहळू असा पांढरा झाला की ओब्दुलियाने त्यांचा हात धरला. "तो तिथंच उभा असेल," त्या अगदी हळू म्हणाल्या. "बोलावल्याशिवाय तो लग्नाच्या पंगतीतसुद्धा बसला नाही कधी. तिथंच उभा असेल, आणि पाणी चढतंय."

ओब्दुलियाने नवऱ्याकडे पाहिलं. तीस वर्षांच्या संसारात तिने त्याला अनेकदा पाहिलं होतं, पण असं नाही. एवारिस्तो उठला. पुल्पो तसाच राहिला, आणि तो मागे ठेवताना त्याला जे दुःख झालं ते सासऱ्यांच्या वियोगाहून अधिक होतं की कमी, हे देवालाच ठाऊक.

परत आले तेव्हा देवळं बुडालेली. जिथे सकाळी वाळू होती तिथे हिरवं पाणी कड्यावर आदळत होतं. सासूबाई कठड्याशी गेल्या आणि घंटेचा तो आवाज समुद्रावर घुमला, "एलादिओऽऽ! अरे आम्ही आलोऽऽ! वर ये!"

माणसं थांबली. एका बाईने तोंडावर हात नेला. "खाली कुणी राहिलंय?"

"माझा नवरा!" सासूबाई म्हणाल्या. "सकाळपासून!"

मिशीवाला कौसेलो धावत आला. त्याने एवारिस्तोला ओळखलं. "तुम्ही! चौघांचा परवाना! चौथे मागून येत होते ना? ते वर आलेच नाहीत?"

"साहेब, ऐका तर..."

"वय काय त्यांचं?"

"अठ्ठ्याहत्तर," सासूबाईंनी सांगितलं.

"अंगावर काय आहे?"

"निळा सूट."

"समुद्रावर सूट?"

"त्याच्याकडे तेवढाच चांगला होता."

"पोहता येतं?"

"छे हो, आंघोळसुद्धा जिवावर यायची."

कौसेलोने बिनतारी यंत्रावरून बचावपथकाला बोलावलं. पाहता पाहता नारिंगी होडी टोकाला वळसा घालून आली. दोन जवान कमानींच्या तोंडाशी दोऱ्या टाकून ओरडू लागले, "एलादिओ! एलादिओ!" वर जमलेल्या माणसांनीही हाक उचलून धरली. कुणी प्रार्थना म्हणू लागलं. एका म्हातारीने ओब्दुलियाला मिठी मारली आणि ओब्दुलिया, बिचारी, खरंच रडू लागली. सगळा किनारा एका सुरात एलादिओला हाक मारत होता. इतकी माणसं त्यांच्या अंत्ययात्रेलाही नव्हती.

आणि एवारिस्तो? त्याला वाटत होतं, कड्याने दुभंगून आपल्याला पोटात घ्यावं. होडीतला एक जवान कमरेला दोर बांधून पाण्यात उतरायला लागला, तेव्हा मात्र त्याला राहवेना. तो कौसेलोजवळ गेला, टोपी काढली, आणि आवाज शक्य तितका सरकारी ठेवून म्हणाला, "साहेब. होडी परत बोलवा. माझे सासरे चार वर्षांपूर्वी वारले."

कौसेलोने त्याच्याकडे पाहिलं. मग परवान्याकडे. मग कठड्याशी उभ्या चिमणीएवढ्या बाईंकडे.

"वारले."

"हो."

"आणि तुम्ही त्यांचा परवाना काढलात."

"हो."

आता दंड, आता बेड्या, आता वर्तमानपत्रात फोटो, एवारिस्तो मनातल्या मनात एकेक पायरी उतरत गेला. कौसेलोने यंत्र तोंडाशी नेलं, होडीला काहीतरी सांगितलं. मग जवळ सरकून खालच्या आवाजात विचारलं, "संत आंद्रेसला नेताय?"

"हो."

"आणि निघताना बोलावलं नाहीत?"

"मी... विजार बदलत होतो."

पोलिसाचा चेहरा तांबडा झाला. "अहो काय माणूस आहात तुम्ही! शिकलेसवरलेले दिसता! आमंत्रण देऊन आणायचं आणि भरतीच्या तोंडी ठेवून जायचं? स्वतःच्या सासऱ्याला? तुमच्या आईला असं ठेवलं असतंत?"

परवान्याबद्दल एक अवाक्षर नाही. एवारिस्तोने आयुष्यात अनेक बोलणी खाल्ली होती, पण वर्दीतल्या माणसाकडून मेलेल्याच्या वतीने, भर रस्त्यात, पहिल्यांदाच. खाली होडीतल्या जवानांनी यंत्रावरून सगळं ऐकलं होतं. त्यांतला एकजण सासूबाईंकडे पाहून हात हलवत ओरडला, "बाई, आजोबा होडीत बसलेत! धक्क्यावर सोडतो!"

सासूबाईंनी छातीवर क्रुसाची खूण केली. धक्क्यावर होडी लागली तेव्हा त्यांनी पदर सावरावा तसा शालीचा शेव सावरला आणि म्हणाल्या, "चल एलादिओ. जावयावर रागावू नकोस. भिजला होता बिचारा." मग गाडीचं दार उघडून, पट्टा बांधून झाला. एवारिस्तोने आपल्याही नकळत सुस्कारा टाकला, आणि तो का टाकला हे त्याने स्वतःला विचारलं नाही.

पण कौसेलो खिडकीशी आला. टोपी हातात, मघाचा आवाज कुठल्या कुठे गेला होता.

"एक विनंती होती. माझी फिलोमेना आत्या. दोन वर्षं झाली. मला सुट्टी मिळत नाही हो, उन्हाळाभर इथंच उभा. ती इथल्याच स्मशानात आहे, वाटेवरच. अंगाने बारीक. मधल्या सीटवर सहज मावेल."

पोलिसाला नाही म्हणायची हिंमत त्या दिवशी एवारिस्तोत उरली नव्हती. पण आक्षेप भलतीकडून आला.

"मधल्या सीटवर?" सासूबाई ताठ झाल्या. "माझ्या एलादिओला चिकटून? आत्या काय वयाची होती?"

"एकसष्ट."

"लग्न झालेलं?"

"नाही."

"मग मध्ये मी बसते," सासूबाई म्हणाल्या. मग वाटेतल्या स्मशानात रीतसर आमंत्रण दिलं आणि आत्याबाईंना दुसरी खिडकी मिळाली. मधल्या सीटवरचा थंड पेयांचा डबा ओब्दुलियाच्या मांडीवर, छत्रीच्या वर गेला.

बार्केइरोला संध्याकाळी पोचले. खाडीवर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली पांढरी घरं आणि त्यांची पाटीच्या दगडाची काळी छपरं. मुक्कामाच्या घरमालकिणीने विचारलं, "किती जण?" सासूबाई म्हणाल्या, "पाच." मालकिणीने तीन माणसं मोजली, वहीत तीन लिहिली आणि म्हणाली, "संत आंद्रेसचे असतील तर भाडं नाही. पण रात्री दारं वाजवू नका म्हणावं, भिंती पातळ आहेत."

एवारिस्तोने वाद घालणं सोडून दिलं होतं. सकाळी बारेसच्या टोकावर वाऱ्याने बेनिग्नोचे दोन्ही स्वेटर खरे ठरवले. तिथे उतरताना त्यानेच पुढे होऊन दार उघडलं. "या, बाबा. या, आत्याबाई. इथं जरा पाय मोकळे करा." निघताना दोनदा हाक मारली, चुकून राहायला नको म्हणून. ओर्तेगालच्या कड्याखाली तीन काळे सुळके समुद्रातून वर आले होते आणि त्यांच्यावर लाटा फुटत होत्या. ते पाहून त्याला वाटलं की हा किनारा पाहायलाच आपण घरून निघालो होतो, आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच तो आपल्याला नीट दिसतोय. कापेलादाच्या माथ्यावर धुकं उतरलं आणि धुक्यातून मोकाट घोडे रस्त्यात येऊन उभे राहिले. भोंगा वाजवायला सासूबाईंनी मनाई केली. घोड्यांचं मन होईपर्यंत सगळे थांबले, जिवंत आणि मेलेले.

तेइशिदोचं देऊळ समुद्राकडे पाठ करून दरीत बसलेलं आहे. शेवटची उतरण पायीच. धुक्याने ओली झालेली वाट आणि वाटेवर गोगलगायींचं राज्य. एवारिस्तो एका पायावर उभा राहून दुसरा पाय कुठे ठेवावा याचा विचार करत करत खाली आला. एका गोगलगायीला त्याने पुढे होऊन "माफ करा" म्हटल्याचं ओब्दुलियाने ऐकलं, पण ती शहाणी बाई आहे, तिने ते कधी काढलं नाही.

आत पूजा चालली होती. तिथले पाद्रीबाबा म्हातारे, अर्धे दात पडलेले, पण प्रवचन गाऊन करायचे. एकेक वाक्य सुरात उचलायचे, वर नेऊन धरून ठेवायचे आणि मग लोकांच्या ओंजळीत हळूच सोडायचे. 'जो उशिरा निघाला,' ते गात होते, 'त्याचीही वाट इथे पाहिली जाते.' सगळे एका सुरात 'आमेन' म्हणायचे. सासूबाईंनी डोळे मिटले होते. ओठ हलत होते. मध्येच त्यांनी डाव्या हाताच्या रिकाम्या बाकाकडे मान वळवली आणि अगदी सहज, रात्री दिवा मालवताना म्हणावं तसं म्हणाल्या, "झालं हं. पोचलास. आता नीज."

एवारिस्तोने पटकन छताकडे पाहिलं. छतात पाहण्यासारखं काही नव्हतं, पण डोळ्यांतलं पाणी आत जायला छत बरं पडतं.

आता उरलं होतं एकच काम. देवळाखाली तीन धारांचा झरा आहे. प्रत्येक धारेला हात न लावता तोंड लावायचं, मनात मागणं मागायचं आणि पाण्यात पावाचा तुकडा टाकायचा. तरंगला तर संताने ऐकलं. बुडाला तर नाही ऐकलं.

"मी ऑपरेशनचं विचारणार आहे," सासूबाई म्हणाल्या. "तरंगला तर करून घेते. बुडाला तर कुणी मला काही सांगायचं नाही. कबूल?"

ओब्दुलियाने तोंडावर रुमाल धरला. घरचा पाव होता राई नावाच्या काळपट धान्याचा, विटेसारखा जड. आणि सासूबाई तर हातपिशवीत बोटं घालून तो शोधत होत्या. "सासूबाई, एक मिनिट, बुटाची नाडी," असं म्हणून तो पळाला. वर पावाचे रंगीत बाहुले विकणारी एक बाई बसली होती.

"बाई, हलका पाव आहे का? एकदम हलका?"

"हलका म्हणजे?"

"तरंगेल असा."

बाईने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "लुगोचे का?"

"कसं ओळखलंत?"

"लुगोची माणसं राईचा पाव घेऊन येतात आणि मग धावत वर येतात." तिने त्याच्या हातात पांढरा पाव कोंबला. एवारिस्तो तो छातीशी धरून धावत खाली आला, धुक्याने घसरला, बसला, उठला. "थांबा, सासूबाई! हा घ्या, हा!"

उशीर झाला होता. सासूबाईंनी तिसऱ्या धारेचं पाणी पिऊन हनुवटी पुसली होती आणि हातपिशवीतला काळा राईचा तुकडा त्यांच्या बोटांतून सुटला होता.

तुकडा पाण्यात पडला. खाली गेला. ओब्दुलियाने आईचा दंड धरला. एवारिस्तोने संत आंद्रेसला, ज्याच्याशी त्याचं लहानपणानंतर बोलणं नव्हतं, एका दमात एवढं काही सांगितलं की प्रवचनात मावलं नसतं. तुकडा धारेखाली गोल फिरला, दिसेनासा झाला, आणि मग कडेला, शांत पाण्यात, वर आला. टुणकन. बदकाच्या पिल्लासारखा.

तो तिथेच डुलत राहिला.

ओब्दुलिया आईच्या गळ्यात पडून रडू लागली. एवारिस्तो ओल्या दगडावर मटकन बसला. पांढरा पाव अजून त्याच्या छातीशी होता. जमीन-नोंदणीतला माणूस, भौतिकशास्त्र शाळेपुरतं शिकलेला, पण राईचा पाव पाण्यावर तरंगताना त्याने प्रथमच पाहिला होता. "चमत्कार," तो म्हणाला. "सासूबाई, चमत्कार झाला हो!"

"चमत्कार कसला डोंबलाचा," सासूबाई मुलीच्या पाठीवर थोपटत म्हणाल्या. "आठवडाभर चुलीच्या वर टांगून वाळवलाय तो. पिसासारखा झालाय." मग त्यांनी देवळाकडे पाहून हात जोडले. "संत देतो रे, देतो. पण म्हातारा झाला तोही. उगाच त्याला जड का करायचं?"